हुकावरची रेघ

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये मी आणि इंदुरी गावचा एक जोडीदार डबे जोडायचे लोखंडी हूक तपासत असू. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणत असे. हूक रॉकेल मिसळलेल्या तेलात भिजवायचा, कोरडा पुसायचा, वर स्पिरिटात कालवलेली खडूची पूड पातळ फासायची आणि वाट बघायची. चीर असली तर तिच्यात मुरलेलं तेल पांढऱ्यावर काळसर रेघ होऊन उमटे. पुसणं-फासणं माझ्याकडे, रेघ ओळखणं भाऊकडे.

माझे हात कायम तेलकट. एकदा मी दाखवलेल्या डागाकडे बघून तो म्हणाला, "ही चीर न्हाई रं, तुझा आंगठा हाय. सही केलीस व्हय?" सगळी शेड हसली. त्या दिवसापासून मी 'सहीवाला' झालो.

पुढच्याच आठवड्यात भाऊ पाणी प्यायला गेला असताना एका हुकाच्या वळणावर बारीक रेघ उमटली. पुन्हा माझंच बोट लागलं, असं मला वाटलं. तो यायच्या आत मी ती पुसली आणि नव्याने खडू फासला. चिरेतलं तेल पहिल्या वेळीच बाहेर आलं होतं. दुसऱ्यांदा काही उमटलं नाही. भाऊने निरखून पाहिलं आणि हूक पास केला.

तो हूक घाटात तुटला. चढावर मागून रेटणाऱ्या इंजिनाने डबे तोलून धरले म्हणून कोणी दगावलं नाही. चौकशीत भाऊची नजर अधू झाल्याचा शेरा पडला, त्याला घरी बसवलं. मी शेजारीच उभा होतो. नोकरीच्या भीतीने बोललो नाही.

पुढे दुपारची भाकरी एकट्याने खाताना वाटे, त्याने समोर बसावं, त्याच्या डब्यातली कारळ्याची चटणी पुढे करावी, माझी टर उडवावी. काही वर्षांनी इंदुरीला गेलो. शेताच्या पार त्या टोकावरून त्याने मला ओळखलं. "सहीवाल्या, वाट चुकलास व्हय?"

घरी त्याने तांदळाचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "खडं बघ रं. माज्या नजरंचा काय भरोसा न्हाई."

"तवापास्नं सुई बी ववत न्हाईत," वहिनी म्हणाल्या.

मी मान खाली घालून खडे वेचत राहिलो. जेवलो आणि निघालो.

भाऊ आता नाही. त्याच्या मुलांना वाटतं, वडिलांना नीट दिसत नव्हतं म्हणून नोकरी गेली. भाऊला चांगलं दिसत होतं. ती रेघ त्याच्यापुढे आलीच नाही; मी ती आधीच पुसली होती.