पान कापायची कात्री

दोनदा जाळूनही शेवंताच्या अंगठ्यावरची चामखीळ परत आली होती. शेजारच्या बोटावर दोन नवीन. डॉक्टर भिंग लावून बघत होते, मी ट्रे धरून उभा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. निपाणीत मी कातडीच्या डॉक्टरांकडं ड्रेसर होतो, मलमपट्टी करणारा. शाळा चौथीपर्यंत, पण डॉक्टर आणि मी सोडून कॉटरीला कुणी हात लावायचा नाही. कॉटरी म्हणजे करंटवर लाल होणाऱ्या सुईचं मशीन. आधी बोट बधिर करायचं, मग डॉक्टर चामखीळ जाळायचे.

"मुंबईत लेसर आलंय म्हणे. उजेडानं जाळतात. चिठ्ठी देऊ?" डॉक्टर म्हणाले.

"मुंबई कुठली परवडतीया, साहेब?" शेवंता म्हणाली. "कारखान्यातल्या चेकरनं विडीचं पान द्यायचं बंद केलंय. म्हणतो, असल्या हातानं वळलेली विडी कोण वडंल? हात बरा करून ये, न्हायतर दुसरं काम बघ."

घरात मिळवणारी ती एकटीच.

मला राग आला तो वेगळाच. लेसरचं नाव काढणं म्हणजे माझ्या मशीनला नावं ठेवणं, आणि ते मशीन मी रोज पुसायचो. म्हटलं, "साहेब, मशीन बरोबर हाय. बाईचंच कायतरी चुकतंय."

"मग शोध तूच."

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. शेजारणीच्या नावावर पान घेऊन विड्या वळत बसली होती. दोरा अंगठ्याच्या खरबरीत कातड्यात अडकला. तिनं पान कापायची कात्री उचलली, वर आलेलं कातडं कचकन कापलं, आणि त्याच कात्रीनं पुढचं पान.

"हे कवापास्नं चाललंय?"

"रोजचंच की. दोरा अडकतोय न्हवं."

चामखिळीत विषाणू असतो. कातडं जिथं चिरेल तिथं तो रुजतो. आम्ही जाळत होतो, ती पेरत होती.

"कात्री हिकडं दे. जखम भरंस्तवर विडी बंद."

तिनं माझ्या हनुवटीकडं बघितलं. "आन् अण्णा, तुमच्या दाढीतल्या त्या बारक्या बारक्या चामखिळी? त्येच्यावरनं वस्तरा फिरवताच की रोज!"

दाढी करू नको, डॉक्टर मला सहा महिने हेच सांगत होते. मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्यांदा जाळलं. कात्री मी स्वतः उकळून दिली, कातड्याला लावायची नाही म्हणून बजावलं. दोन महिन्यांनी अंगठा साफ. चेकरनं हात उलटासुलटा करून बघितला आणि पान दिलं.

मीही वस्तरा ठेवून दिला होता, तोवर माझी दाढी छातीकडं निघाली होती. गल्लीतले विचारायचे, "अण्णा, नवस काय?" मी "व्हय" म्हणायचो. शेवंता दवाखान्यात आली की नुसती हसायची.

मशीनला नावं ठेवण्याआधी रोग्याच्या घरी जाऊन बघावं, एवढं मी शिकलो. निघताना आरशात बघून निघावं.