उपाशीपोटीचा प्रसाद

पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यामुळे दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई "साखर वाढली आहे" म्हणाल्या तेव्हा मला ते पहिलंच बाळ आठवलं. भात बंद, भाकरी मोजून, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन, सगळं इमानेइतबारे करत होते. तरी दर आठवड्याला उपाशीपोटीची साखर वाढलेलीच निघे आणि इंजेक्शनही वाढे. देवी ऐकते की नाही, असा संशय मनात यायला लागला होता.

आम्ही घणसोलीच्या नव्या इमारतीत राहायचो. यजमान रबाळ्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले की मी अंघोळ करून तळवलीच्या गावदेवीला चालत जायची. बाळ हातात येईपर्यंत तिच्या गूळखोबऱ्याच्या प्रसादाआधी तोंडात काही घालायचं नाही, हा माझा नवस. मग घरी येऊन इंजेक्शन आणि नाश्ता. अकराच्या सुमाराला दरदरून घाम सुटे, बोटं थरथरत, खिडकीबाहेरची खाडी हळूहळू वर उचलली जाई आणि तरंगत राही. कानाशी कुणी हलक्या आवाजात बोलतंय असं वाटे. मी वेडी, मला वाटायचं देवी जवळ आली. कुणाला सांगितलं तर ती यायची थांबेल, म्हणून गप्प बसायची.

एका मंगळवारी, रक्त तपासायच्या दिवशी, देवळात एक आजी गूळखोबरं वाटत होती. गावातलीच असावी, पण मी कधी पाहिली नव्हती.

"कुटं चाललीस गो घाईघाईनं?"

"रक्त द्यायला, आजी. उपाशीपोटी जायचंय."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. "मंग यो गूल कसा खातंस?"

"प्रसादाने कुठे उपास मोडतो?"

"देवीचा नाय मोडत. डाक्टरनीचा मोडंल." ती हसली, प्रसाद माझ्या कपाळाला लावून पानात बांधला आणि पदरात टाकला. "देवी काय पलून जातं? मंग खा."

मी पायरीवरच बसले. दर आठवड्याला प्रसाद खाऊन, "उपाशी आहे" सांगून मी रक्त दिलं होतं, आणि त्यात मला तिळभर खोटं वाटलं नव्हतं.

दवाखान्यात सगळं सांगितलं, घाम आणि तरंगणारी खाडीसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, ती साखर उतरल्याची गुंगी. आजही गुळामुळे आकडा चढा आला असता तर मी इंजेक्शन आणखी वाढवलं असतं." त्या दिवशीची साखर बेताची निघाली आणि इंजेक्शन निम्म्यावर आलं. ती गुंगी पुन्हा आली नाही. खरं सांगते, मन थोडं चुकचुकलंच.

आजीला मी पुष्कळ शोधलं. पुजारीण म्हणाली, मंगळवारी किती जणी येतात. असेल, मला त्याचा कीस काढायचा नाही. "तुझ्यावर सोपवलं" म्हणत मी रोज देवीकडे हमी मागायला जात होते, एवढं मात्र कळलं.

मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या रडली नाही. त्या क्षणी मागायचं काही सुचलंच नाही. इतकंच म्हटलं, आई, तुझीच आहे. मग ती रडली.