धोतरा उपटायचा कुणी?

"मॅडम, ही झाडं विषारी आहेत, एवढं एका ओळीत लिहून द्या. बाकीचं मी बघतो."

मी एसटीतून उतरून अजून चहासुद्धा घेतला नव्हता. नांदेडच्या एका कॉलेजात मी तेव्हा बॉटनी शिकवायचे. अहमदपूरच्या एका सरकारी ऑफिसातल्या साहेबांनी आमच्या प्रिन्सिपॉलना ट्रंककॉल लावून मला तातडीने बोलावून घेतलं होतं. लातूर जिल्हा नवा कोरा होता. ऑफिसच्या कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून हाताने नवं लिहीत. त्यात पावसाने दडी मारलेली. टँकर आला की अख्खी कॉलनी घागरी घेऊन धावायची.

अशा दिवसांत साहेबांच्या मिसेसनी पुण्याच्या प्रदर्शनातून 'मिश्र रानफुले' असं छापलेलं बियांचं पाकीट आणलं, ऑफिससमोरच्या वाफ्यात पेरलं आणि त्या माहेरी गेल्या. वाफा जगवला तो शिपायाच्या बायकोने, सोनाबाईने. घरच्यांच्या आंघोळीचं पाणी ती घंगाळात धरायची आणि बादलीने वाफ्याला आणून घालायची. सगळ्या आवारात हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं.

रोपं वाढली तशी साहेबांनी एक पुस्तक काढून पानं ताडून पाहिली. झाडं वांग्याच्या कुळातली आहेत आणि या कुळात विषारी झाडं असतात, एवढं त्यांना कळलं. पुढचं पान त्यांनी उलटलं नसावं. सोमवारी कलेक्टर लेकराबाळांसह येणार होते. एखाद्या पोराने पान तोंडात घातलं तर? साहेबांनी वाफा उपटायचा हुकूम सोडला.

पण उपटेना कुणी. हेडक्लार्क वीरभद्रप्पा, ऑफिसातले सगळ्यांचे अप्पा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, साहेबांसमोर शांतपणे उभे राहिले. "बाकी काय बी उपटतो साहेब. पण त्यात धोतरा हाय. श्रावण तोंडावर आलाय, आन् महादेवाला वाहायचं झाड उपटायचं? आमच्या हातून व्हायचं न्हाई." ते ऐकून शिपायांनीही हात आखडले. म्हणून साहेबांना माझी ओळ हवी होती.

"साहेब," मी म्हणाले, "धोतरा आहे असं लिहिलं तर कुणी हात लावणार नाही. धोतरा नाही असं लिहिलं तर उपटायचं कारण काय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग निदान ओळखा तरी."

वाफ्यासमोर सोनाबाई रिकामी बादली घेऊन उभी होती, वाट अडवल्यासारखी. "मॅडम, वांगी हायती ती. पाऊस न्हाई, पानी न्हाई. सकाळी उठून एवढं हिरवं बघितलं की बरं वाटतंय. तेबी उपटायलेत." तिचे डोळे भरले होते. मला साहेबांचा रागच आला.

मी मातीत बसले आणि एकेक रोप बघत मोठ्याने सांगू लागले. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, तंबाखू, धोतरा ही सगळी एकाच कुळातली. फुलाच्या पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, आणि फुलाखालची हिरवी टोपी बहुधा फळालाही चिकटून राहते. वांगं आठवा. रोपं लहान होती, पण काहींना कळ्या धरल्या होत्या. बोटांना चिकटणारी मऊ पानं, ती पिटुनिया. शोभेची, तीही याच घरातली. काहींना पानाआड खाली मान घातलेलं एकेकटं पिवळट फूल. ती आपली चिरबोटी, रसभरीची रानातली बहीण, पिकलं फळ पोरं खातात ती. पाकिटातून नव्हे, मातीतूनच उगवलेली. आणि मधे थोड्या रोपांना मिटलेल्या छत्रीसारख्या लांब, उभ्या कळ्या. पान चुरगळलं तर उग्र वास. तो धोतरा. पानापासून बीपर्यंत विषारी.

"म्हंजे साहेबबी खरं, अप्पाबी खरं," सोनाबाई म्हणाली.

"आणि तू जवळपास. वांगी नाहीत, वांग्याची भावकी आहे."

"आमच्या भावकीतबी असंच हाय. आडनाव एक, पर एकाच्या घरी पानी प्यावं, दुसऱ्याच्या घरी न्हाई."

वर्गात मी हे कूळ वर्षानुवर्षं शिकवलं, इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

धोतऱ्याच्या रोपांना मी लाल दोरे बांधले. मग अप्पांना विचारलं, "उपटायचं नाही, पण मातीसकट उचलून महादेवाच्या दारी न्यायचं असेल तर?"

अप्पांचा चेहरा उजळला. "मग हुकूम कशाला लागतो?" त्यांनी तिथेच चपला काढल्या. पहिलं घमेलं त्यांनीच डोक्यावर घेतलं. मागे शिपाई, त्यांच्या मागे सोनाबाई बादली घेऊन, आणि एक घमेलं स्वतः साहेबांच्या हातात. देवळामागच्या कुंपणात, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी रोपं लावली. येताना सगळे हसत होते, साहेब तर जोरात. मीही लग्नाहून परतल्यासारखी खुशीत होते.

सोमवारी कलेक्टर आले, टँकरची चौकशी करून गेले. वाफ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही म्हणे.

पुढे एका दुपारी अहमदपूर गाडीच्या कंडक्टरने कॉलेजात एक पुडकं पोचवलं. आत कागदी पिशवीसारख्या टरफलातली पिवळीधमक चिरबोटी. सोबत अप्पांचा निरोप: सोनाबाईने पाठवलीय, वाफा भरलाय, साहेब रोज चहा तिथंच घेतात.

मी एकेक टरफल सोलून, फळ नीट बघून मगच तोंडात टाकलं. गोड होतं. ओळख पटल्याशिवाय कुणाला उपटू नये, आणि ओळख पटल्याशिवाय कुणाला खाऊही नये.