प्रॉम्प्टरभाऊंचा आवाज

प्रॉम्प्टरभाऊ शेजारी बसले की मला माझ्याच कानांचा भरवसा उरायचा नाही. संगणकाच्या पडद्यावरच्या नटानं तोंड उघडायच्या आत त्याचा संवाद हे पुटपुटून मोकळे. उभा जन्म झाडीपट्टीच्या नाटकांत विंगेमागं बसून नटांना वाक्यं सांगण्यात गेलेला. पण मी तिथं आवाज आणि चित्र जुळवत बसलेलो, आणि हा माणूस सगळं आधीच माझ्या कानात ओतायचा.

"भाऊ, जरा चूप बसा न."

"आदत आहे बाबू. जात नाई."

धानोऱ्याला बसस्टँडसमोर माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. भाऊ पहिल्यांदा आले ते पेनड्राइव्ह घेऊन. त्यांच्या कंपनीचं एक नाटक टीव्हीवर दाखवलं होतं, ते त्यांनी डिशच्या डब्याला हाच पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करून ठेवलेलं. नायिका त्यांचीच बायको, कमलबाई. पुढं बाईंना लकवा झाला आणि वाचा गेली. त्या नाटकातले स्वतःचे ओठ पाहून बाई एकेक शब्द पुन्हा उचलू बघत होत्या. त्यात डबा बिघडला. फाइल साध्या टीव्हीवर चालेल अशी बदलून हवी होती.

फाइल बदलली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. रेकॉर्डिंगच्या वेळी पावसानं सिग्नल तुटत होता. जिथं तुटला तिथं चित्र गळालेलं, आवाज शाबूत, डबा ते सांभाळून घ्यायचा, बदललेल्या फाइलीत मात्र दर तुटीनंतर आवाज आणखी मागं पडायचा. मी तुकडे पाडले. दर तुकड्यात बाईंचे ओठ हलतात तिथं आवाजाच्या आलेखातली पहिली उठलेली रेघ आणून बसवली. भाऊ घेऊन गेले आणि परत आले.

"ओठ अगोदर हालते, तिचा आवाज मांगून येते."

पुन्हा केलं, पुन्हा परत. खर्रा चघळत तेच वाक्य. मी वैतागलो. एवढ्याशा फरकानं काय अडतं, असं तोंडावरच विचारलं.

"मले चालते बाबू. तिले कसं चालन? ओठच खोटे निघाले तं ती काय शिकन?"

मी तुकडे पुन्हा उघडले, राग मात्र गेला नाही.

शेवटी हेडफोन लावून एकच वाक्य घोटत बसलो, तेव्हा ऐकू आलं. बाईंच्या आधी कुणीतरी तेच वाक्य हळूच म्हणत होतं. मी ज्या रेघेवर ओठ बसवत होतो, ती बाईंची नव्हतीच. हेडफोन भाऊंच्या कानाला लावला. ऐकून ते ओशाळले.

"मायाच आवाज आहे. भलतंच झालं. प्रॉम्प्टरचा आवाज लोकायले गेला तं त्याचं काम फसलं. पुसून टाक."

पुसता आला नाही, बाईंच्या आवाजात पार गुंतलेला. ओठ मात्र या वेळी जुळले. भाऊ तक्रार घेऊन परत आले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. परवा कमलबाई दुकानात आल्या, हातात तोच पेनड्राइव्ह. आता बोलतात, पण अडखळत. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिनसलं.

"ओठ... बराबर आहे," त्या म्हणाल्या. मग भाऊ बसायचे त्या खुर्चीकडे बोट करून, "यायचा आवाज... मोठा करून दे."

तेव्हापासून बसलोय. भाऊंचा वाढवला की बाईंचा वाढतो, तबला वाढतो, प्रेक्षकांचा खोकला वाढतो, आणि भाऊ होते तिथंच. आपला आवाज कुणाला जाऊ नये म्हणून या माणसानं जन्मभर इतकं जपलं, की आता तो माझ्या हाताला लागत नाही. बाई उद्या येतील. राग येतो, आणि तो भाऊंवरच येतो.