आवाजावरून घेतलेलं मशीन

आमचे हे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत वेल्डर होते. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांचा जीव रमेना. डोंबिवलीतलं आमचं घर तळमजल्यावर, मागे पत्र्याची पडवी. तिथे छोटं वेल्डिंग मशीन आणून किरकोळ कामं करायची, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी म्हटलं, आधी डोळे दाखवा. त्यांना शुगर आहे, आणि हल्ली चहाचा कप ते बशीच्या बाहेरच ठेवायला लागले होते. पण माझं ऐकतील तर ते हे कसले!

ठाण्याच्या दुकानात मीही गेले, हट्टानेच. दुकानदाराने आकडे दाखवणारं नवीन मशीन पुढे केलं. वजनाला हलकं, घरच्या जाड पिनेच्या प्लगवर चालणारं. ह्यांनी आकड्यांकडे पाहिलंही नाही. काळी काच तोंडासमोर धरून त्यांनी लोखंडाच्या तुकड्यावर रॉड टेकवला आणि कान देऊन ऐकत राहिले. भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज आला पाहिजे, म्हणे. दोन मशिनं नाकारली. तिसरं, साध्या खटक्याच्या बटणाचं, पसंत पडलं. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? मग रॉडच्या पुड्यावरचं त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. चष्मा घरी राहिला, म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीच्या स्टँडसाठी त्यांनी दोन पट्ट्या जोडायला घेतल्या. मी पाठ करून भिंतीकडे बघत उभी होते. भिंत निळीपांढरी होत राहिली. मला भीती वाटत होती, आणि पडवीतून जाववतही नव्हतं. पट्ट्या निवल्यावर त्यांनी हातोडीने वरची खपली उडवली. वेल्डिंगचा टाका सुरेख होता, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा. फक्त तो सांध्यावर नव्हता. सांधा बोटभर बाजूला, तसाच उघडा.

"कसा आलाय?" त्यांनी विचारलं.

अख्ख्या बिल्डिंगला पुरून उरणारी मी, पण पट्ट्या नुसत्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी टाक्यावरून अंगठा फिरवला. मग शेजारच्या फटीत नख अडकलं आणि अंगठा थांबला.

"तुला कधी कळलं?"

"आत्ता. आणि तुम्हाला?"

"कंपनीत असतानाच."

शेवटी शेवटी सगळं अंदाजानेच चाललं होतं, असं ते खाली बघत सांगायला लागले. बोलले असते तर घरी बसवलं असतं, म्हणून कोणाकडे बोलले नाहीत. तेव्हा काय जोडत होतात, मी विचारलं. ॲसिडच्या टाक्या, म्हणाले. त्या कुठे गेल्या विचारल्यावर त्यांनी मानेनेच मागे खूण केली. पडवीमागे नाला आहे, आणि नाल्यापलीकडे एमआयडीसीतल्या कंपन्या.

"नीट जोडल्या होत्या ना हो?"

"हाताला तसंच वाटायचं," ते म्हणाले.