डिकीतली दुनळी

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे होत असतील तर त्या दुनळीचे. नातवंडांचे नाहीत, सुनेचे तर नाहीतच नाहीत. दुनळी म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गोटीराम बाबांची, दोन नळ्यांची बंदूक. तिच्या नळ्या एका कपाटात, लाकडी दस्ता दुसऱ्या कपाटात, काडतुसं लोखंडी पेटीत आणि सगळ्या किल्ल्या बाबांच्या करदोट्याला. एकदा मी म्हटलं, "बाबा, घरात चोर शिरला तर तुमची बंदूक जोडून होईपर्यंत तो चहा पिऊन जाईल." तर म्हणाले, "चोरासाठी नाय ती. डुकरांसाठी हाय."

डुकरांसाठी! तळवलीत! खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईच्या दोरीवरचा टॉवेल हाती लागेल, अशी आमची वस्ती. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन इथं आले तेव्हा आठवडाभर मला वाटत होतं की माझी मस्करी चाललीय. पण बाबांना लायसन मिळालं तेव्हा इथं खरंच भातशेती होती आणि डोंगरातून रात्रीची रानडुकरं उतरायची. बाबांनी उभ्या जन्मात एकच बार काढला. तो चुकला. डुक्कर आवाजानं पळालं आणि बाबा धक्क्यानं चिखलात बसले. भागीरथी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ही हकीकत प्रत्येक हळदीला हातवारे करून सांगतात.

मग सिडकोनं जमिनी घेतल्या, शेतं गेली, रस्ते आले, टॉवर आले. दुनळी तेवढी राहिली. विपुल, माझा नवरा, सारखा म्हणायचा, "सरेंडर करून टाका ना बाबा, कशाला ती झंझट?" मीही त्याच मताची. बाबा ऐकायचे नाहीत. एकदा चिडून त्यांनी कपाटातले सगळे कागद माझ्यासमोर मांडले. "हे बघ सूनबाय. या कागदावर मी कोन? प्रकल्पग्रस्त. या कागदावर? भूखंडधारक. यावर जेष्ठ नागरिक. आनि यावर?" शेवटचा कागद म्हणजे लायसन. त्यावर लिहिलेलं होतं: व्यवसाय शेती, कारण पीक संरक्षण. "सगल्या दुनियेत हा एकच कागद मना शेतकरी बोलतो." मी मनात म्हटलं, कागदापायी घरात बंदूक, कमाल आहे बाई.

आता निवडणूक आली की लायसनवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. आणि आपल्याकडे निवडणुका काय, सणांपेक्षा जास्त. विपुल कायम साइटवर, म्हणून दुनळीची ड्रायव्हर मी. बाबांचे नेम कडक. बंदूक सुटी करून पेटीत, पेटी डिकीत, डिकीला लॉक. काडतुसांचा डबा पुढे माझ्या शेजारी. बाबा मागच्या सीटवर, लायसन खिशात नाही, हातात. वाटेत गाडी थांबवायची नाही, पाणीपुरीसाठी तर नाहीच. आणि सगळ्यात मोठा नेम: बंदूक गाडीत तर लायसनवाला गाडीत. तो उतरला की बंदूक बेवारशी, आणि बेवारशी बंदूक म्हणजे जेल.

या महापालिकेच्या निवडणुकीला मामला जास्तच नाजूक होता, कारण लायसनचं नूतनीकरणही अडकलेलं. दुनळी जमा करायचा शेवटचा दिवस उजाडला. आज जमा झाली नाही तर नोटीस येणार, नोटीस आली की नूतनीकरण बोंबलणार, म्हणजे लायसन गेलं. मी कोपरखैरण्याला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तिथून शिव्या खाऊन हाफ डे घेऊन आले. इकडे आईंनी पेटीला हळदकुंकू लावून ओवाळायचं चालवलेलं.

"मना माहेरी न्यायचा होता तवा ह्यांनी ट्रकमधे टाकून नेला होता," आई मला म्हणाल्या. "आनि हिला बघ, डिकीत गादीवर!"

"तुझा लायसन नव्हता लागत," बाबा म्हणाले.

पोलीस ठाण्यापाशी पोचलो तर गेटवर ही गर्दी. कुठल्या तरी उमेदवाराची माणसं, ढोल, फटाके. गेटवरचा शिपाई गाडी आत घेईना. बाबा म्हणाले, या गर्दीतनं पेटी घेऊन चालत जानार नाय, कोनी धक्का मारला तर? आणि पेटी सोडून उतरनार पन नाय. मी म्हटलं, मग काय मी ठाणं उचलून गाडीत आणू? शेवटी गाडी रस्त्याकडेला लावली, बाबांना म्हटलं हलू नका, आणि कुणाला तरी बाहेर बोलवायला आत गेले.

परत आले तर गाडी नाही!

नो पार्किंगचा बोर्ड तेव्हा दिसला, उमेदवाराच्या बॅनरच्या मागं. रडवेली होऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, कुठं आहात?"

"हवेत हाय," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"टोइंगवाल्यांनी गाडी पुढून उचललीय. माझा डोका मागं, पाय वर. पन घाबरू नको. बंदूक गाडीत, लायसनवाला गाडीत. नेम मोडलेला नाय."

"अहो, ओरडायचं नाही का!"

"ओरडलो. ढोल वाजत होता."

काचांना उन्हाच्या जाळ्या लावलेल्या, बाबा अंगानं काडी, टोइंगच्या पोरांना गाडीत माणूस आहे हे कळलंच नाही. पुढच्या सिग्नलला बाबांनी कशीबशी काच खाली केली आणि अगदी अदबीनं सांगितलं, "पोरांनो, जरा हलूहलू घ्या, मागं बंदूक हाय." झालं! पोरं क्रेनवरून उड्या टाकून जी पळाली, ती थेट उसाच्या रसाच्या गाड्यामागं. त्यांच्याबरोबरच्या ट्रॅफिक हवालदारानं हात वर केले. मागून सगळे हॉर्न मारतायत, क्रेनला माझी गाडी लटकलेली, आणि खिडकीतून एक म्हातारा हात बाहेर काढून लायसन हलवतोय. मी धापा टाकत पोचले तेव्हा अर्धं घणसोली व्हिडिओ काढत होतं.

त्याच पोलीस ठाण्याच्या पीएसआय मॅडम जीपनं आल्या. तरुण, शांत बाई. त्यांनी खिडकीतून आत बघितलं. "बाबा, उतरता का?"

"बंदूक उतरल्याबिगर नाय."

"बंदूक इथं रस्त्यात उतरवता येणार नाही."

"मंग मी पन नाय."

मॅडमनी कपाळावर हात मारला. शेवटी निघाली वरात! पुढे जीप, मागे क्रेन, क्रेनला गाडी, गाडीत बाबा आणि मागून चप्पल तुटलेली मी, काडतुसांचा डबा गाडीत होता म्हणून हात मोकळे, एवढंच नशीब. ज्या गेटवर शिपायानं अडवलं होतं, तिथं त्यानं दोन्ही दारं सताड उघडून सलाम ठोकला. ढोलवाल्यांना वाटलं त्यांचाच उमेदवार आला, त्यांनी अजून जोरात बडवला.

आत दुनळीची मोजदाद झाली. नळ्या, दस्ता, काडतुसं, सगळं जागच्या जागी. बाबांची छाती फुगली. वेळेत जमा झालं होतं. मी खुर्चीत बसून पाणी प्यायले, देवाचे आभार मानले आणि चहा सांगायच्या बेतात होते.

मग मॅडमनी दुसरी फाइल उघडली. "बाबा, तुमच्या नूतनीकरणाचा रिपोर्ट माझ्याकडेच आलाय. पीक संरक्षण लिहिलंय. पीक कुठंय?"

बाबांनी हातातल्या लायसनकडे बघितलं. आणि काय झालं मला माहीत नाही, आठ वर्षं त्या बंदुकीला शिव्या घालणारी मी ताडकन उभी राहिले. "आहे ना पीक! गच्चीवर आहे. मेथी, मिरच्या, वांगी. या बघायला."

"आणि गच्चीवर रानडुक्कर कसं येणार, ताई? लिफ्टनं?"

"लिफ्ट बंद असते. जिन्यानं येईल!"

मॅडमला हसू आलं, पण वाईट नाही हसल्या. म्हणाल्या, "असं करू, स्वसंरक्षणासाठी नवा अर्ज टाका. जिवाला धोका आहे असं लिहा. बंदूक तुमच्याकडेच राहील. शेती तेवढी खोडावी लागेल."

"माझ्या जिवाला धोका सुनेच्या ड्रायव्हिंगचा," बाबा म्हणाले. "त्याला दुनळी काय करील?"

आम्ही दोघी हसलो. बाबा नाही हसले. त्यांनी लायसन टेबलावर ठेवलं आणि हातानं त्याची घडी सरळ करत बसले.

"खोटा नको लिवू, मॅडम. आयुष्यात या बंदुकीपायी एक नेम मोडला नाय, आता पन नाय. पीक नाय माझ्याकडं. शेती खोडून बंदूक ठेवायची, तर मना नुसती बंदूक नको. ठेवून घ्या. कायमची."

"बाबा!" मी म्हटलं. मला वाटलं होतं, ही ब्याद जाईल त्या दिवशी मी पेढे वाटीन. आणि आता त्या बाईचा हात धरून थांबवावंसं वाटत होतं.

मॅडमनी पेन उघडलं. मग हळूच विचारलं, "रिपोर्टात लिहावं लागतं, बाबा. शेती कधीपासून बंद आहे?"

भिंतीकडे बघत बाबांनी विचार केला. सिडकोनं जमीन घेतली ते वर्ष त्यांना तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

"आजपासून," ते म्हणाले. "आजची तारीख लिव."

मॅडमनी आजची तारीख लिहिली.