मालक सांगलीला गेले की

पासष्टची लढाई झाली त्याच्या तिसऱ्या वर्षी आमचे मालक मिलिटरीतून पेन्शनीवर घरी आले. वय अडतीस. आळीतल्या बायका एकेक करून येऊन मला सांगून गेल्या, "सुटलीस बाई! आता जोडीनं ऱ्हायचं." मी मान खाली घालून हसले. मी मुकी नाही, पण चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. बोलताना लाजायला होतं, लिहिताना कुणी बघत नाही, म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले ते कुठंतरी लागू पडायला नको का?

सुटले की अडकले, ते सांगते.

मुलांच्या शाळेसाठी मी साताऱ्यात दोन खोल्या घेऊन राहत होते. सासू-सासरे गावाकडं उसात, मालक सरहद्दीवर. वर्षातून दोन महिने ते रजेवर यायचे आणि उरलेले दहा महिने पत्रातून खुशाल असायचे. त्यामुळं अख्ख्या आळीत दुपारी पुरुष माणूस नसलेलं घर एकच होतं, ते म्हणजे माझं. बाकी घरांत कुणाचा सासरा खाटेवर, कुणाचा दीर रात्रपाळी करून झोपलेला, कुणाचा नवरा नुसताच बसलेला. म्हणून दुपारी एक वाजला, भांडी झाली की पाच-सहा बायका माझ्याकडं वाकळ शिवायला यायच्या. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, चारी बाजूंनी बसायचं आणि कडेपासून मधल्या बाजूला टाके घालत यायचं. वाकळ हे निमित्त. खरं काम पाय लांब करून बसणं, डोक्यावरचा पदर खाली टाकणं आणि घरोघरच्या माणसांची हजेरी घेणं. मी फारसं बोलायची नाही, पण हसायची. मला दिवसभरात तेवढंच एक हसायचं काम होतं, आणि ते मी मन लावून करायची. मी कुणाच्या घरी जायची नाही, नळाचं पाणी सोडलं तर माझा पाय उंबऱ्याबाहेर पडतच नसे. जग चालून माझ्याकडं यायचं, एक ते चार.

मालक पेन्शनीवर आल्यावर चौथ्या दिवशी बायका दबकत आल्या. मालक वाईट वागले असते तर बरं झालं असतं. ओरडले असते, कपाळाला आठ्या घातल्या असत्या, तर बायकांनी त्यांच्यामागं दोन शिव्या दिल्या असत्या आणि काहीतरी मार्ग काढला असता. पण मालक इतके चांगले वागले की काही इलाजच उरला नाही.

"या या वैनी, बसा. घर तुमचंच हाय."

बायकांनी भराभर पदर डोक्यावर ओढले. पाय आत घेतले. मालकांनी खुर्ची ओढून मधोमध मांडली आणि बर्फात सहा महिने कसे काढले ते सांगायला सुरुवात केली. मग स्वतः उठून चहा केला. मिलिटरीचा चहा, चमचा उभा राहील एवढी साखर. बायकांनी तो औषधासारखा घेतला. पुरुषाच्या हातचा चहा पिताना कुठं बघायचं असतं, हे कुणालाच शिकवलेलं नव्हतं.

"पर ही वाकळ कशाला शिवताय?" मालकांनी विचारलं. "मी दोन कांबळी आणल्यात की मिलिटरीची. अस्सल लोकर."

एकीनं सुईत दोरा ओवायला घेतला, तो आधीच ओवलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नजरेला आमचे टाके वाकडे दिसले. तिसऱ्या दिवशी ते शिंप्याकडचा खडू आणि पट्टी घेऊन आले आणि वाकळीवर रेघा मारून दिल्या. "आता बघा, एका लायनीत चालायचं." आम्ही चाललो. अशी मुकाट वाकळ त्या आळीत कधी शिवली गेली नसेल. सुया बोलत होत्या तेवढंच.

पुढच्या आठवड्यात एकीच्या नणंदेला बरं नव्हतं, दुसरीचं दळण राहिलं होतं, तिसरीला उन्हाचा त्रास व्हायला लागला. त्याच उन्हातून ती चार वर्षं येत होती. दहा दिवसांत माझ्या दारात मी आणि मालक उरलो. मालक म्हणाले, "बायका का येत न्हाईत गं? लय गोड माणसं हुती."

मग आमच्या शेजारची काकू माझ्या मदतीला आली. ती पन्नाशीची, तोंडाची फाटकी, मनाची बरी. नळावर मला म्हणाली, "अगं, माणसाला कसला तरी नाद लाव. रिकामा पुरुष आन् उघडी कढई, दोनीबी सांभाळाय लागत्यात."

मी नाद लावून बघितले. तिच्या नवऱ्यानं मालकांना देवळामागं पत्ते खेळायला नेलं. मालकांनी तिथं जुगाराचे तोटे समजावून सांगितले, दुसऱ्या दिवशी पत्तेवाल्यांनी जागा बदलली. मग कोंबड्या आणल्या. पण कोंबड्या घरातच असतात, म्हणजे कोंबड्यांचा नादसुद्धा घरातच. दारात गुलाब लावला, तर तो बघत खुर्ची टाकून दारातच बसणं आलं. मालकांना सगळ्या गोष्टींची आवड होती, फक्त घराबाहेर जायची नव्हती. त्यांचं तरी काय चुकलं? सतरा वर्षं बाहेरच होते.

शेवटी मला सुचलं ते हळदीचं. एकदा डबा हातात धरून मी हळूच म्हणाले, "आवं, हितल्या हळदीला रंग न्हाई. सांगलीची असती तर..."

तेवढं पुरलं. हुकूम मिळाल्यासारखे मालक पहाटेच्या एसटीनं सांगलीला गेले. तिथल्या पेठेत हिंडून दिवेलागणीला परत आले, तोपर्यंत माझ्याकडं पाच बायका येऊन, पाय लांब करून, पोटभर हसून घरी गेल्या होत्या. मालकांनी पिशवी खाली ठेवली आणि हळकुंड मोडून दाखवलं. "आवाज ऐकलास? आतला रंग बघ. व्यापाऱ्यानं मला शिकवलं. फशिवणार न्हाई आता मला कुणी."

हळदीनंतर गूळ. गुळानंतर दिवाळीची हळद वेगळी, लोणच्याची वेगळी. मग काकूच्या घरची, मग आळीतल्या सगळ्यांची. बायका आपणहून येऊन सांगायच्या, "दादा, आमालाबी आणा की अर्धा शेर." मालक कुणाला नाही म्हणत नव्हते. दर आठ-दहा दिवसांनी सांगली. आमच्या आळीत तेव्हा जेवढी हळद होती, तेवढ्यात सातारा शहराची लग्नं लागली असती. मालकांना शेवटी नाद लागला होता, आणि मला माझ्या दुपारी मिळाल्या होत्या. मीही चांगली बायको झाले होते. नवऱ्याचा नाद कौतुकानं पुरवत होते.

माझी चूक एवढीच झाली की मला अमावास्या माहीत होती, पण अमावास्येला पेठ बंद असते हे माहीत नव्हतं. चौथीपर्यंत ते शिकवत नाहीत. त्या दिवशी पहाटेची गाडी चुकली म्हणून मालक स्टँडवर दुसरीची वाट बघत बसले. गाडी काही वेळेवर येईना, आणि दुपार व्हायला आली तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं, आज जाऊन काय करणार, पेठ बंद. ते तिथूनच माघारी वळले.

घरात काकू उभी राहून मालकांची नक्कल करत होती. एका हातात हळकुंड, दुसरा हात सलामीसारखा कपाळाला. "वैनी, हळकुंड मोडलं की आवाज आला पायजे! आवाज न्हाई आला तर त्याला कोर्ट मार्शल!" आणि हळकुंड मोडायला गेली. ते मोडता मोडेना. काकूचं तोंड वाकडं झालं, बायका वाकळीवर लोळल्या. सगळ्यांत जास्त मी. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

काकूचं तोंड दाराकडं होतं. तिचं हसू एकदम थांबलं तेव्हा मी वळून बघितलं. बाहेरच्या खोलीत मालक उभे होते. हातात रिकामी पिशवी. किती वेळ उभे होते, देव जाणे. बायका सुया तशाच वाकळीत खुपसून, माना खाली घालून त्यांच्या बाजूनं निघून गेल्या.

संध्याकाळी मुलं बाहेर खेळायला गेल्यावर मालक खुर्चीवर बसले. मी भाकरी थापत होते. पाठ त्यांच्याकडं ठेवली होती, कारण पुढं काय होणार ते मला बघायचं नव्हतं.

"सगळ्यांत मोठ्यानं हसत हुतं ते कोण?"

खोटं बोलता आलं असतं. नावं घ्यायला पाच जणी होत्या.

"मी," मी म्हणाले.

मागं त्यांची खुर्ची करकरली. मग म्हणाले, "मला आवाज वळखू आला न्हाई."

तव्यावरची भाकरी फुगली, मी ती उलटली. सतरा वर्षांच्या लग्नात त्यांच्यासमोर मी तोंडाला पदर लावूनच हसले होते, मग त्यांना ओळखू येणार कसा? हे मला तेव्हा कळलं, त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

"मी असलो की बाया हसत न्हाईत व्हय?"

"न्हाई."

"मी काय बोलतो का त्यांना?"

"तुमी लय चांगलं वागता. तेच नडतंय."

"आन् तुला? तुला मी नको वाटतो?"

आता माझी जीभ टाळूला चिकटायला पाहिजे होती. नेहमी चिकटते. पण त्या दिवशी माझी लाज पण पेन्शनीवर गेली असावी. "दुपारचं नको वाटतासा," मी म्हणाले. "एरवी चालतंय."

मी वळले, तर मालक घड्याळाकडं बघत होते, जणू दुपार तिथं लटकवलेली होती. "किती ते किती?"

"एक ते चार."

"मग मी जायचं कुठं?"

"ते तुमचं तुमी बघा. फकस्त सांगलीला नको. हळद ठेवाय जागा न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता त्यांनी टोपी घातली, सायकल काढली आणि गेले. मला वाटलं, रागावून गेले. मी काकूला निरोप धाडला, काकूनं बाकीच्यांना. बायका आल्या, पण पहिला अर्धा तास सगळ्यांची नजर दाराकडं. माझी तर जास्तच. तीन-चार दिवसांनी काकूच्या नवऱ्यानं बातमी आणली की मालक स्टँडच्या मागं लिंबाखाली बसलेले असतात, आणि त्यांच्यासारखे आणखी पाच-सहा पेन्शनर शिपाई असतात. सगळे घरचं काही ना काही काम घेऊन बाहेर पडलेले, आणि एकाचंही काम कधी संपत नाही. साताऱ्यातल्या बायका हुशार, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटत होतं, युक्ती माझी एकटीची.

चारच्या आधी एक मिनिट मालक घरी आले नाहीत. चारला आळीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजायची, मग बायका उठायच्या, पदर घ्यायच्या, वाकळीची घडी घालायच्या. ते दारात यायच्या आत घर रिकामं.

एक दिवस चहा पिता पिता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काय इषय निघाला बायांत?"

"तुमचाच."

"व्हय? काय म्हणत हुत्या?"

"ते सांगायचं नसतंय," मी म्हणाले आणि हसले. पदर तोंडाला लावायला हात निम्म्यावर गेला होता, तो खाली घेतला. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि कप पुढं केला, आणखी चहा हवा म्हणून.